टू-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइक पुन्हा घ्यायची आहे: जुनी की नवी? सल्ला हवा

मातीतलाटायर:
बरीच वर्षं फोर-स्ट्रोक ४५० (सीसी) मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची रेसिंग बाइक, चालवली. बाइक उत्तम आहे, तक्रार काही नाही. पण मन टू-स्ट्रोकमध्येच अडकलंय. रेस सुरू होताना गेट पडल्यावर सगळ्या बाइक एकदम किंचाळतात तो आवाज, जळक्या तेलाचा वास, आणि पॉवरबँड (ज्या आरपीएमला ताकद एकदम येते तो टप्पा) लागला की हात खांद्यातून ओढले जातात ती गंमत मला पुन्हा हवी आहे. लहानपणी १२५ वर शिकलो, त्यामुळे ओढ जरा जास्तच.

डोक्यात तीन पर्याय आहेत. पहिला, १९८० च्या आसपासची एअर-कूल्ड बाइक घेऊन स्वतः उभी करायची. दुसरा, नव्वदच्या दशकातली चांगली २५०. तिसरा, सरळ नवी कोरी टू-स्ट्रोक. सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर चालवणार, आणि जमलं तर जुन्या बाइकच्या गटात एखादी रेस. बोअर-पिस्टन, कार्ब (कार्ब्युरेटर), सस्पेन्शन ही कामं घरी करतो. क्रँक मात्र बाहेर द्यावा लागेल.

आणखी एक. पुतण्या पंधरा वर्षांचा आहे, त्यालाही याच वर्षी सुरुवात करून द्यायची आहे. त्याला १२५ टू-स्ट्रोक द्यावी की २५० फोर-स्ट्रोक? घरात यावरून दोन तट पडलेत.

रीडव्हॉल्व:
रेस करायची असेल तर आधी गट ठरवा, मग बाइक शोधा. बहुतेक जण उलटं करतात आणि हौसेने उभी केलेली बाइक कुठल्याच गटात धड बसत नाही.

ढोबळ विभागणी अशी. ट्विनशॉक म्हणजे मागे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर. इव्हो म्हणजे सिंगल शॉक चालतो, पण लिंकेज (शॉक आणि स्विंगआर्म यांच्यामधली जोडदांड्यांची यंत्रणा) नाही, डिस्क ब्रेक नाही, वॉटर-कूलिंग नाही. पुढचे गट सालांप्रमाणे पडतात. आयोजकागणिक नियमात फरक असतो, म्हणून नियमावली आधी हातात घ्या.

या सीमा तिथेच का आखल्या हे कळलं की बाइक निवडणं सोपं जातं. १९७३ च्या सुमारास मागच्या चाकाला जेमतेम १० सेंटिमीटर हालचाल होती, १९८० पर्यंत ती ३० सेंटिमीटरवर गेली. त्याच १९७३ मध्ये हाकन अँडरसनने यामाहाच्या मोनोशॉकवर (मागे एकच शॉक) २५० चं विश्वविजेतेपद घेतलं. ती कल्पना ल्युसियन टिल्कन्स या बेल्जियन माणसाची. मग लिंकेजवाले सिंगल शॉक, म्हणजे कावासाकीचं युनिट्रॅक, होंडाचं प्रोलिंक, सुझुकीचं फुल फ्लोटर असं सगळं १९८०-८१ मध्ये येऊन आदळलं. १९८१ लाच होंडा, यामाहा आणि सुझुकीच्या १२५ वॉटर-कूल्ड झाल्या. त्या वर्षीच्या यामाहा वायझेड१२५ चा रेडिएटर चक्क पुढच्या नंबरप्लेटच्या मागे आहे. दरवर्षी बाइक इतकी बदलायची की मागच्या सालची जुनीपुराणी वाटायची. म्हणून एका वर्षाच्या फरकाने गट बदलतो.

माझं मत विचाराल तर ट्विनशॉकसाठी १९८१ ची मायको ४९०. सिंगल शॉकचं युग सुरू झालं तेव्हा दोन शॉकवर तिने भल्याभल्यांना घाम फोडला, आणि ताकद इतकी गुळगुळीत की ४९० आहे हे विसरायला होतं. पण कंपनी १९८३ मध्ये बुडाली. सुटे भाग मिळतात, शोधावे लागतात. इव्होसाठी यामाहा वायझेड४६५. मार्टी मोट्स फॅक्टरी रायडर (कंपनीच्या अधिकृत संघातला) नसताना १९८० ची कार्ल्सबॅडची यूएस ग्रांप्री याच मॉडेलवर जिंकला. ५०० ची ती ग्रांप्री जिंकणारा तो पहिला अमेरिकन.

लाल५००:
पर्यायांत ५०० नाही याचं वाईट वाटलं, म्हणून लिहितो. होंडा सीआर५००आर, ४९१ सीसी, २००१ पर्यंत बनत होती. वरच्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलवर ती चढावर जशी जाते तशी दुसरी कुठलीही बाइक जात नाही. पॉवरबँडची वाट बघावी लागत नाही, मनगट हललं की ताकद हजर. हलकी किक मारलीत तर ती उलटी पाय भिरकावते, म्हणून पिस्टन नीट वर आणून, टाच रोवून, पूर्ण किक मारायची.

मोटोक्रॉसचा सगळ्यात मोठा मान एके काळी याच गटाला होता. १९५७ मध्ये विश्व अजिंक्यपद सुरू झालं ते ५०० सीसीचंच, आणि तेव्हा सगळा कारभार फोर-स्ट्रोकचा. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रेडरिक्सने सीझेडवर ते जिंकलं, या गटातला टू-स्ट्रोकचा पहिला विजय. पुढची सव्वीस वर्षं फोर-स्ट्रोकला तिथे जागा मिळाली नाही. बेल्जियमच्या रॉजर डी कॉस्टरने सुझुकीवर पाच वेळा ते घेतलं. १९९३ मध्ये जॅकी मार्टेन्सने हुस्क्वार्नाच्या फोर-स्ट्रोकवर ही साखळी तोडली.

गेटड्रॉप:
लाल५००, तुमचं प्रेम समजतं, पण हा सल्ला मातीतलाटायर यांच्या कामाचा नाही. ट्रॅकवर सलग वीस मिनिटं ५०० चालवायला मनगटं आणि पाठ वेगळीच लागते. हँडलची थरथर बोटं बधिर करते. उघड्या डोंगरावर, वाळूत ती राणी आहे, वळणावळणाच्या ट्रॅकवर २५० तिच्या पुढे जाईल.

माझा सल्ला: नवी यामाहा वायझेड२५०. २००५ मध्ये तिला अ‍ॅल्युमिनियम फ्रेम मिळाली, २००६ मध्ये आजही वाखाणलं जाणारं सस्पेन्शन आलं, आणि मूळ इंजिन जवळजवळ तेच राहिलं. बाकीच्या जपानी कंपन्यांनी २००७-०८ च्या सुमारास मोठ्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइक गुंडाळल्या, यामाहाने ही बाइक चालू ठेवली. पेट्रोल-तेल भरून सुमारे १०३ किलो. कार्ब आहे, किक आहे; बॅटरीची भानगड नाही, संगणक नाही. केटीएमने २०२३ पासून मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोकमध्ये फ्युएल इंजेक्शन आणि बटनस्टार्ट दिलंय. ती जास्त जोरदार आहे, वेगवान आहे. पण तुम्ही ज्या गोष्टीसाठी परत येताय ती वायझेडमध्ये जास्त सापडेल.

क्रँककेस:
मी जुन्या टू-स्ट्रोक उघडून बसवतो, तेवढ्यापुरतं सांगतो. पर्याय एक किंवा दोन घेणार असाल तर हे वाचाच.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असायला हवं, विकणाऱ्याला तसं आधीच सांगून ठेवा. आधीच गरम करून ठेवलेली बाइक पहिल्या किकला सुरू होते आणि तुम्हाला काहीच कळत नाही. सुरू केल्यावर थ्रॉटल द्या आणि सोडा. आरपीएम झटकन खाली यायला हवेत. वरच लटकत असतील तर इंजिन कुठून तरी हवा ओढतंय: क्रँकचं ऑइल सील, इनटेकचा रबर, नाहीतर बेस गास्केट. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधून जातं. त्यामुळे केसमधली हवागळती म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), मिश्रण पातळ म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे पिस्टन बोअरला धरणार. बहुतेक जपानी बाइकमध्ये मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग) डावीकडे, क्लच उजवीकडे. डावं सील गेलं तर हवा आत येते. उजवं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल जळतं, पांढरा धूर थांबत नाही आणि तेलाची पातळी हळूहळू उतरते.

मग मॅग्नेटोचं कव्हर काढून रोटर हाताने वर-खाली हलवा. वर-खाली खेळ अजिबात नको. कनेक्टिंग रॉडला बाजूला थोडी मोकळीक असतेच, त्याला घाबरू नका. पण वर-खाली टकटक आली तर क्रँक उघडणार. एक्झॉस्ट काढता आला तर पोर्टमधून पिस्टनचा स्कर्ट बघा. उभे ओरखडे, रिंगला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम दिसलं की समजायचं, एकदा धरून झालंय. सिलिंडर प्लेटिंगचा आहे की लोखंडी स्लीव्हचा तेही विचारा. स्लीव्ह बोअर करून मोठा पिस्टन बसवता येतो, प्लेटिंग खराब झालं तर पुन्हा प्लेटिंग करून घ्यावं लागतं.

फ्रेमकडे लोक रंग बघतात. तुम्ही स्टीअरिंग हेडखाली, फूटरेस्टच्या ब्रॅकेटपाशी आणि स्विंगआर्मच्या पिव्होटजवळ बोटाने चाचपा. तडा रंगाखाली लपतो, वेल्डिंगचा जाड थर लपत नाही. लिंकेजवाली बाइक असेल तर मागून सीट धरून वर उचला, खडखड ऐकू येते. तिथलं ग्रीसिंग कोणीच करत नाही. इंजिन आणि फ्रेमचे नंबर कागदाशी जुळवून घ्या, खासकरून जिची किंमत मूळ नंबरामुळे वाढते अशी बाइक असेल तर.

घरी आणल्यावर, भले विकणारा ‘आत्ताच बांधलंय’ म्हणो, पहिलं काम प्रेशर टेस्ट. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सुमारे ६ पीएसआय दाबाने हवा भरा आणि काही मिनिटं सुई बघत बसा. सुई उतरली तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. ही एवढी चाचणी केली तर नवा पिस्टन वाचतो.

मातीतलाटायर:
क्रँककेस, हे छापून गॅरेजच्या भिंतीला लावतो. मनापासून आभार. मला वायझेड४६५ कडे ओढलं जातंय, रीडव्हॉल्व यांनी नेमकी नस पकडली. गेटड्रॉप यांचं म्हणणंही पटतंय. पुतण्याचं काय?

गेटड्रॉप:
१२५. विचारच करू नका.

२५० फोर-स्ट्रोक चुकीच्या गिअरमध्येही वळणातून बाहेर काढते. म्हणजे मुलाला चूक कळतच नाही. १२५ वर वेग घालवला की तो परत मिळवायला क्लच, गिअर, थ्रॉटल तिन्ही कामाला लावावं लागतं, म्हणून मुलगा वेग घालवायचाच नाही हे शिकतो. ब्रेक उशिरा, वळणात रेषा मोकळी, बाहेर पडताना बोट क्लचवर. युरोपात लहान वयाच्या रायडर्ससाठी १२५ टू-स्ट्रोकची वेगळी स्पर्धा अजून चालते, त्यामागे हेच कारण असावं असं मला वाटतं.

१२५ ने काय करता येतं ते बघायचं असेल तर १९८६ चं मोटोक्रॉस ऑफ नेशन्स (देशांच्या संघांची स्पर्धा) बघा, इटलीतलं माज्जोरा. अमेरिकेच्या संघात डेव्हिड बेली ५०० वर, रिक जॉन्सन २५० वर, जॉनी ओमारा १२५ वर. १२५ आणि ५०० एकाच गेटवरून सुटल्या आणि ओमाराने त्या छोट्या होंडावर भल्याभल्या पाचशेवाल्यांना मागे टाकलं. पुतण्याला शेजारी बसवून दाखवा.

क्रँककेस:
१२५ ला माझंही मत. एकच जोड: पिस्टनचे तास लिहून ठेवायची वही त्याच्याच हातात द्या. १२५ सतत वरच्या आरपीएमला राहते, टॉप एंड (पिस्टन, रिंग, सिलिंडर) लवकर झिजतो. पण हे काम तो एका दुपारी तुमच्या देखरेखीखाली करू शकतो. २५० फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह आणि टायमिंग चेन त्या वयात त्याच्या हाती देता येणार नाही.

रीडव्हॉल्व:
बघण्याचा विषय निघालाच आहे तर नामूरचा किल्लाही बघून घ्या. बेल्जियममधली ग्रांप्री, झाडांमधून, दगडी रस्त्यांवरून, घरांच्या अंगणाशेजारून जाणारा ट्रॅक. २००७ मध्ये तिथली शेवटची ग्रांप्री झाली. आणि १९७२ ची लॉस एंजेलिस कोलिझियमची रेस. स्टेडियममध्ये माती आणून केलेली ती रेस सोळा वर्षांच्या मार्टी ट्राइप्सने जिंकली, सुपरक्रॉसची सुरुवात तिथून धरतात.

टू-स्ट्रोक हरली कशी हेही यात दिसतं. १९९७ मध्ये डग हेन्रीने यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर लास वेगासची सुपरक्रॉस जिंकली. पुढे नियमच असे स्थिरावले की १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक, आणि २५० समोर ४५०. सीसी जवळजवळ दुप्पट दिल्यावर आणखी काय होणार? इंजिन म्हणून टू-स्ट्रोक कमी पडली असं मी कधीच मानणार नाही. तरीही अमेरिकेच्या रिकी कारमायकलने २००५ ची सुपरक्रॉस मालिका सुझुकीच्या २५० टू-स्ट्रोकवर जिंकलीच.

मातीतलाटायर:
ठरलं. माझ्यासाठी वायझेड४६५ शोधतो, पुतण्याला १२५. शेवटचा प्रश्न तेलाचा. मला तो जुना एरंडेलचा वास हवा आहे. ४६५ मध्ये एरंडेल तेल चालेल का? आणि मिश्रण किती ठेवू?

क्रँककेस:
४६५ ला चालेल. तिला पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्ट पोर्टची उंची बदलणारी झडप) नाही, त्यामुळे चिकटायला जागा कमी. एरंडेल उष्णतेत फार चांगलं टिकतं, पण मागे चिकट थर सोडतं, रिंग खाचेत अडकतात. म्हणून सिलिंडरचं डोकं (हेड) आणि पिस्टन जरा लवकर उघडून साफ करायचे. थंडीत ते पेट्रोलपासून वेगळं होतं, तेव्हा लागेल तेवढंच मिसळा, दिवस संपला की टाकी आणि कार्ब रिकामे करा. एरंडेल आणि सिंथेटिक यांचं तयार मिश्रणही मिळतं, वास तोच, थर कमी. मी तेच सुचवेन. १२५ मध्ये मात्र शुद्ध एरंडेल नको, चांगलं सिंथेटिक घाला.

प्रमाण ३२ ला १, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला साधारण १५६ मिली तेल. एकदा ठरवलं की बदलू नका. तेल वाढवलं की कार्बच्या तेवढ्याच जेटमधून (पेट्रोलच्या छिद्रातून) पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. लोकांना उलटं वाटतं. प्रमाण बदलायचंच असेल तर जेटिंगही पुन्हा करा, आणि स्पार्क प्लगचा रंग बघायचा तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून, तिथेच क्लच दाबून थांबून बघा. हळूहळू परत आणलेल्या बाइकच्या प्लगवरून मेन जेटचं काहीच कळत नाही.