सोसायटीचे मेल ठेवायचे कशात? (ग्रुपवरची चर्चा)

पाटील (सचिव): नमस्कार सर्वांना. विषय ऑफिसच्या कॉम्प्युटरचा. त्यावर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन जुनं, विंडोज ११ घेत नाही. पुनर्विकास तोंडावर असताना नवीन मशीन घ्यायला कमिटी तयार नाही. ओंकार त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम) टाकून देतो म्हणालाय. राहिला प्रश्न मेलचा. सोसायटीचं जीमेल भरत आलंय आणि पीएमसी (पुनर्विकासाचे सल्लागार), आर्किटेक्टचे नकाशे रोज येतायत. सगळे मेल उतरवून ठेवता येतील असा फुकटचा प्रोग्राम सुचवा. माझ्याकडे विंडोज ११, नाईक मॅडमकडे मॅक, ऑफिसात लिनक्स. तिन्हीकडे चालला पाहिजे.

कुलकर्णी वहिनी (ए-२०४): ब्राउझरमध्ये उघडतंय की. आणखी प्रोग्राम कशाला?

पाटील (सचिव): वहिनी, १५ जीबी भरले की येणारे मेल परत जायला लागतात. उपनिबंधक कार्यालयाचं पत्र परत गेलं तर त्यांना काय सांगू?

नाईक मॅडम (खजिनदार): आणि त्या १५ जीबीत ड्राइव्ह आणि फोटोही धरतात. गणपतीचे व्हिडिओ सोसायटीच्या खात्यावर कोणी चढवलेत? ते आधी काढा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

देसाई (बी-१०१): बी विंगला पाणी कधी येणार?

पाटील (सचिव): पंप चालू केलाय देसाई, दहा मिनिटं.

जोशी काका (ए-३०१): मी बँकेत होतो तेव्हापासून आउटलुक एक्स्प्रेस वापरलं. नंतर विंडोज लाइव्ह मेल. घरच्या विंडोज ७ वर जुने मेल अजून उघडतात. काही बिघडलेलं नाही. तेच टाका.

सायली (सी-६०३): काका, लाइव्ह मेलचा सपोर्ट जानेवारी २०१७ मध्येच संपला, आणि लिनक्सवर ते मुळात चालणार नाही. पण एक चांगलं आहे. ते प्रत्येक मेल वेगळ्या ईएमएल फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे तुमचा एकही मेल अडकलेला नाही. थंडरबर्ड या फुकटच्या मेल प्रोग्राममध्ये फोल्डर बनवायचं आणि त्या फाइली ओढून टाकायच्या. विंडोज ७ वर थंडरबर्डची ११५ ही शेवटची मालिका चालते. त्यापुढच्या आवृत्त्यांना विंडोज १० तरी लागतंच.

जोशी काका (ए-३०१): म्हणजे माझ्याकडचं शेवटचं आणि तुमच्याकडचं नवीन, असं?

सायली (सी-६०३): हो काका. पण मेल दोन्हीत तेच उघडतील.

पाटील (सचिव): माझ्या लॅपटॉपवर आउटलुक आयतंच आलंय. फुकट आहे. ते का नको?

सायली (सी-६०३): जरा मोठं लिहिते, कामातून वेळ मिळालाय.

विंडोज १० सोबत जे मेल ॲप यायचं ते मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं आणि सगळ्यांना नव्या आउटलुककडे ढकललं. नवीन आउटलुक फुकट आहे, पण फुकट वापरलं तर यादीत जाहिराती दिसतात. मला जाहिरातींचं फारसं काही नाही. खटकतं ते दुसरंच. त्यात जीमेल किंवा दुसऱ्या कंपनीचं आयमॅप (सर्व्हरवरचे मेल मशीनवर दाखवायची पद्धत) खातं जोडलं की मेल थेट तुमच्या मशीनवर येत नाहीत. ते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून फिरून येतात, तिथे प्रत राहते. एखाद्याच्या घरगुती मेलला चालेल. बिल्डरच्या ऑफर, सभासदांचे संमतीपत्र, पॅनकार्डच्या प्रती असलेल्या खात्याला मी ते लावणार नाही. शिवाय हे लिनक्सवर नाहीच.

ॲपलचं मेल उत्तम, पण मॅकपुरतं. इव्होल्युशन, जिअरी, केमेल हे लिनक्सच्या बाजूचे. ईएम क्लायंट दिसायला देखणा, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो, पण लिनक्सवर नाही. शिवाय फुकटची परवानगी वैयक्तिक वापरापुरती आणि दोन खात्यांपर्यंत आहे. सोसायटी ही व्यक्ती नाही, हे ऑडिटर लोकांनी मला सांगायची वेळ आणू नका. मेलस्प्रिंग तिन्हीवर चालतो, मूळ वापर फुकट, पण तो चालवायला त्यांच्याकडे आधी खातं काढायला लावायचे आणि चांगल्या सोयी पैसे भरून मिळतात.

उरतो थंडरबर्ड. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर, पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ ची, स्रोत खुला. माझं मत त्याला आहे, पण तो दिसायला सुंदर आहे म्हणून नाही. तसा तो नाहीच.

ओंकार (सी-२०२): ताई, इव्होल्युशनवर अन्याय करताय. कॅलेंडर त्यात आधीपासून आहे, एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा ऑफिस मेल सर्व्हर) चालतं, पीएसटी (आउटलुकची मेल साठवायची फाइल) आयात होते. आणि ऑफिसच्या मशीनला रॅम ४ जीबीच आहे. क्लॉज मेल टाकला तर पिसासारखा हलका चालेल.

सायली (सी-६०३): क्लॉज मला आवडतो रे, पण चालवणार कोण? गूगल आता साधा पासवर्ड घेत नाही. थंडरबर्डमध्ये खातं जोडलं की गूगलचं स्वतःचं लॉगिन पान उघडतं, परवानगी दिली की संपलं. क्लॉजमध्ये त्यासाठी गूगलच्या डेव्हलपर पानावर जाऊन स्वतःची ओळख काढावी लागते, नाहीतर दोन टप्प्यांची पडताळणी लावून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तू पुढच्या वर्षी नोकरीला बंगळूरला गेलास की पाटीलभाऊ कोणाला हाक मारणार?

ओंकार (सी-२०२): पॉइंट. आणि मिंटमध्ये थंडरबर्ड आधीच टाकलेला असतो. मला काम कमी.

कुलकर्णी वहिनी (ए-२०४): फुकट देतात म्हणजे आपली माहिती विकत असणार.

सायली (सी-६०३): वहिनी, हा प्रश्न प्रत्येक फुकट वस्तूला विचारायलाच हवा. थंडरबर्ड मोझिलाच्या, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांच्या घरातला आहे, २०२० पासून त्याची एमझेडएलए नावाची वेगळी कंपनी आहे आणि खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो. म्हणून मधूनमधून देणगीचं पान उघडतं. घाबरायचं नाही, बंद करायचं. किंवा द्यायची.

नाईक मॅडम (खजिनदार): माझ्या मॅकवर ॲपलचं मेल नीट बसलंय. मलाही बदलावं लागणार का? सांगा, कारण मार्चएंड आहे आणि मी काहीही बदलणार नाही.

सायली (सी-६०३): नका बदलू मॅडम, आणि पाटीलभाऊ, हेच मला सांगायचं होतं. तिघांनी एकच प्रोग्राम वापरायची काही गरज नाही. खातं आयमॅपने जोडलं की मूळ मेल गूगलकडे असतो आणि प्रत्येकाच्या मशीनवर त्याची प्रतिमा. तुम्ही वाचलेला मेल मॅडमकडेही वाचलेला दिसतो. रोजच्या वाचनाला ज्याला जे आवडेल ते. मॅडमनी ॲपल मेल वापरावं, तुम्ही ब्राउझर वापरा. प्रोग्रामची निवड महत्त्वाची आहे ती फक्त एकाच मशीनवर, जिथे जुने मेल कायमचे उतरवून ठेवायचे. तिथे एकच प्रश्न विचारायचा: पाच वर्षांनी नवीन कमिटी आली, मशीन बदललं, सिस्टिम बदलली, तर हे मेल बाहेर काढता येतील का?

थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एका एमबॉक्स फाइलमध्ये ठेवतो. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते, भले वाचायला कंटाळा येईल. ॲपल मेलही एमबॉक्समध्ये निर्यात करतं, इव्होल्युशन ते वाचतं. आउटलुकच्या पीएसटीचं तसं नाही.

नाईक मॅडम (खजिनदार): पीएसटीवरून आठवलं. आधीच्या सचिवांनी २०१२ ते २०१८ चे मेल एका पीएसटीत दिले होते. ती सीडी माझ्या कपाटात आहे. उघडून कोणी पाहिलेली नाही.

ओंकार (सी-२०२): सीडी! वाचली गेली तर पुढचं मी बघतो. लिनक्सवर रीडपीएसटी नावाचं छोटं टूल आहे, ते पीएसटीचं एमबॉक्स करून देतं. मग थंडरबर्डच्या इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स ॲड-ऑनने आत घ्यायचं.

जोशी काका (ए-३०१): कन्व्हेयन्सच्या वेळचा सगळा पत्रव्यवहार त्यात आहे. जपून.

पाटील (सचिव): बरं, मग मी असं करतो. ओंकारने थंडरबर्ड जोडला, सगळे मेल उतरले, की जीमेलवरचे जुने उडवून टाकतो. जागा झाली.

सायली (सी-६०३): थांबा थांबा! आयमॅपमध्ये तिकडचा उडवला की इकडचाही जातो. प्रतिमा आहे ना ती. उतरला म्हणजे सुटा झाला असं नाही. आधी थंडरबर्डमध्ये डावीकडे तळाशी "लोकल फोल्डर्स" असतं, त्यात वर्षवार फोल्डर करा आणि मेल तिथे कॉपी करा. हलवू नका, कॉपी करा. दोनचार मेल अटॅचमेंटसह उघडून बघा. मग त्या फोल्डरांची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. त्यानंतरच जीमेलवरचे काढा.

आणि काढतानाही गंमत आहे. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. आयमॅपने इनबॉक्समधून मेल काढला तर नुसतं लेबल निघून तो "ऑल मेल"मध्ये पडून राहू शकतो, जागा काही मोकळी होत नाही. मेल बिनमध्ये गेला आणि बिन रिकामी झाली तरच जागा सुटते. म्हणून ही साफसफाई ब्राउझरमधूनच करा, तिथे काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

ओंकार (सी-२०२): "ऑल मेल"मुळे एकच मेल दोनदा उतरतो तेही आहे ना?

सायली (सी-६०३): हो. जीमेलच्या सेटिंगमध्ये लेबलांच्या पानावर "ऑल मेल"समोरची "शो इन आयमॅप"ची खूण काढून टाक. आणि पहिल्या दिवशी सगळं उतरलं नाही तर वायफायला शिव्या घालू नका. आयमॅपवरून एका दिवसात किती उतरवायचं याला गूगलची मर्यादा आहे. रात्रभर चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी पुढे चालू होतं.

देसाई (बी-१०१): पाणी आलं. धन्यवाद.

गोखले आजोबा (अध्यक्ष): सगळं वाचतोय. मला एक सांगा, नवीन प्रोग्राम जोडताना गूगल ओटीपी मागेल. तो जाणार कोणाच्या फोनवर?

पाटील (सचिव): आधीच्या सचिवांच्या. ते आता मुलाकडे बडोद्याला आहेत.

गोखले आजोबा (अध्यक्ष): मग प्रोग्रामची चर्चा नंतर. पहिलं काम ते. उद्या फोन लावून त्यांच्या सोयीने नंबर बदलून घ्या. खातं सोसायटीचं, किल्ली बडोद्यात, हे बरं नाही.

सायली (सी-६०३): आजोबा, अगदी मुद्द्याचं. नंबर बदलला की दोन टप्प्यांची पडताळणी लावून गूगलचे बॅकअप कोड काढून घ्या. एका वेळी दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर छापून शेअर सर्टिफिकेटच्या रजिस्टरसोबत कपाटात. फोटो काढून या ग्रुपवर टाकू नका, प्लीज.

कुलकर्णी वहिनी (ए-२०४): मागच्या वेळी वायफायचा पासवर्ड टाकला होता तसं.

नाईक मॅडम (खजिनदार): जुन्या मराठी नोटिसांचं काय? मॅकवर काही मेल उघडले की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

सायली (सी-६०३): दोन प्रकार असतात. प्रश्नचिन्हं, चौकोन, विचित्र अक्षरं दिसली तर बहुतेक एन्कोडिंग चुकलंय. थंडरबर्डमध्ये व्ह्यू मेन्यूत "रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग" आहे, ते दाबून बघा. पण युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टात, म्हणजे श्रीलिपी वगैरेत टाइप केलेली नोटीस असेल तर तो खरोखर इंग्रजी अक्षरांचाच मजकूर असतो, फक्त त्या फॉन्टमुळे मराठी दिसायचा. त्याला कोणताच मेल प्रोग्राम काही करू शकत नाही. फॉन्ट टाका किंवा कन्व्हर्टरमधून काढा. अशा नोटिसा महत्त्वाच्या असतील तर एकदाच पीडीएफ करून ठेवा.

जोशी काका (ए-३०१): सायली, थंडरबर्ड मी मुलाकडे बघितला. एकेक मेल दोन ओळींचं कार्ड करून दाखवतो. मला जुन्यासारखा तक्ता हवा, विषय, कोणाकडून, तारीख.

सायली (सी-६०३): मिळेल काका. २०२३ च्या ११५ आवृत्तीत त्यांनी रूप बदललं, तेव्हा बऱ्याच जणांनी हीच तक्रार केली. यादीच्या वर उजवीकडे छोटं बटण आहे, त्यात "टेबल व्ह्यू" निवडा. झालं जुन्यासारखं.

पाटील (सचिव): बॅकअपला माझ्याकडे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आहे. पुरेल ना?

ओंकार (सी-२०२): जागा पुरेल काका, पण तो फॅट ३२ (फाइली ठेवायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेणारच नाही. नकाशांच्या अटॅचमेंटमुळे एमबॉक्स सहज तेवढी होईल. मी एक्सफॅट करून देतो. किंवा सरळ हार्डडिस्क.

सायली (सी-६०३): हार्डडिस्क. आणि थंडरबर्डचं स्वतःचं "एक्स्पोर्ट" बटण आहे त्यावर जाऊ नका, ते २ जीबीपेक्षा मोठ्या प्रोफाइलला (मेल आणि सेटिंग ठेवलेला फोल्डर) झिप करून देत नाही. मदत मेन्यूत "ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन" उघडलं की प्रोफाइल फोल्डर कुठे आहे ते दिसतं. थंडरबर्ड बंद करायचा आणि तो अख्खा फोल्डर उचलून कॉपी करायचा. त्याआधी फोल्डरांवर राइट क्लिक करून "कॉम्पॅक्ट" करा, नाहीतर उडवलेले मेलही फाइलीत तसेच बसलेले असतात.

पाटील (सचिव): ठीक. उद्या बडोद्याला फोन. नंबर बदलला तर रविवारी ११ वाजता ऑफिसात ओंकार, सायली आणि मी. नाईक मॅडम, सीडी पाठवून द्या. चहा वहिनींकडे.

कुलकर्णी वहिनी (ए-२०४): चहा मिळेल. पण गणपतीचे व्हिडिओ काढण्याआधी मला पाठवा, नातू नाचलाय त्यात.