टेकू कधी काढायचे?

"बांधकामाच्या साइटवरचा मॅनेजर म्हणजे बढती मिळालेला इंजिनिअर, काम तेच" असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. इंजिनिअर ड्रॉइंग आणि दर्जाला बांधलेला असतो. मॅनेजर मुदत, पैसा, ठेकेदार आणि मालकाला.

माझ्या पहिल्या साइटवर पाच मीटर गाळ्याचा (म्हणजे दोन आधारांमधलं अंतर पाच मीटर) स्लॅब भरून नऊच दिवस झाले होते आणि सेंटरिंगवाल्याला, म्हणजे साचा लावणाऱ्या ठेकेदाराला, स्लॅब पक्का होईपर्यंत खालून तोलून धरणारे टेकू वरच्या मजल्यासाठी हवे होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ४.५ मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याखालचे टेकू किमान १४ दिवस ठेवायचे असतात (लहान गाळ्याला ७ दिवस, तेही साध्या सिमेंटला, फ्लाय ॲश म्हणजे कोळशाची राख मिसळलेल्या सिमेंटला मुदत वाढवावी लागते). मी प्रोजेक्ट इंजिनिअर होते, म्हणून 'नाही' म्हणणं माझंच काम. वेळापत्रक मागे पडणार हे दिसत होतं, तरी आमच्या मॅनेजरांनी मला एकदाही 'बघा, जमतंय का' असं म्हटलं नाही. ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी टेकूंचा दुसरा संच भाड्याने मागवला आणि जादा खर्च मालकाला समजावून सांगितला. तो निर्णय माझ्या अधिकारात नव्हता. खालचे टेकू पंधराव्या दिवशी, माझी सही झाल्यावरच उतरले.