चव ताटात असते की डोक्यात?

खादाड मुसाफिर

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. जेवण कसं होतं यावर आपण छातीठोकपणे जे बोलतो, त्यातलं निम्मं ताटाबद्दल नसतंच. भूक किती लागली होती, सोबत कोण होतं, खुर्ची टोचत होती का, आदल्या रात्री आपला संघ हरला होता का, हे सगळं आपण स्वयंपाक्याच्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

हे सुचलं एका उकडलेल्या अंड्यामुळे. गेल्या महिन्यात प्रवासात गाडी चार तास रखडली. रात्री अकराला एका थांब्यावर उतरलो तेव्हा एकच टपरी उघडी होती. उभ्या उभ्या पाव, अंडं आणि वर मीठ-मिरपूड. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं हो! परतीच्या वाटेवर मुद्दाम तिथेच उतरलो. भर दुपार, पोटात सकाळची न्याहारी शाबूत. माणूस तोच, पाव तोच. अंडं सोललं तर बलकाभोवती हिरवट-करडी कड धरलेली, आणि पाव इतका वातड की तुकडा तोडायला मान वाकडी करावी लागत होती. रात्रीही ते तसंच असणार, अंधारात आणि भुकेत दिसलं नाही इतकंच. भुकेला कोंडा म्हणतात ते उगीच नाही.

तेव्हापासून काही गोष्टी सोडल्यात. जेवायला जाण्याआधी हॉटेलला किती तारे मिळालेत ते बघत नाही. प्रवासात आवडलेला पदार्थ डब्यात भरून घरी आणत नाही, कारण ती संध्याकाळ डब्यात मावत नाही. भुकेल्या पोटी किराणा घेत नाही. आणि सामना बघताना खाल्लेल्या कशावरही मत देत नाही. आपला संघ जिंकत असेल तर पुठ्ठासुद्धा खमंग लागतो.

हे निव्वळ माझं खूळ नाही. झांपिनी आणि स्पेन्स या दोन संशोधकांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बटाट्याच्या पातळ चकत्या खायला दिल्या आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांना ऐकवला. आवाज, विशेषतः त्यातला तीक्ष्ण भाग, वाढवला की तशाच चकत्या लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताज्या वाटल्या. बोला आता.

मिठाचा खडा

असहमत, आणि जरा चिडूनच. बारा वर्षं मी पोटासाठी दुसऱ्यांचं रांधते आहे. आठ आठ तास मंद आचेवर भांडं ठेवायचं, दर वीस मिनिटांनी वरचा फेस काढायचा, आणि मग कोणी सांगणार की तुमची चव खुर्चीमुळे लागली!

तुमचं अंडं तर माझ्याच बाजूने साक्ष देतंय. ती हिरवी कड म्हणजे पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आल्याची खूण. जास्त वेळ, जास्त आच. ती कड रात्रीही होती असं तुम्हीच म्हणता. मग रात्री तुम्ही चुकलात आणि दुपारी तुमचं बरोबर होतं, असंच ना? चव डोक्यात असती तर दोन्ही वेळा तुमचंच बरोबर ठरलं असतं. भूक चवीवर पडदा टाकते, चव तयार करत नाही.

ताऱ्यांवर एवढा राग का तेही कळलं नाही. हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन पुस्तिकेचे परीक्षक ओळख न देता जातात, बिल स्वतः भरतात, आणि तारा देताना फक्त ताटातलं अन्न बघतात. खुर्ची, पडदे, वाढप्याचं हसू यांना त्यात गुण नाहीत. तुमचाच आक्षेप त्यांनी केव्हाच निस्तरलाय.

कोपऱ्यातलं टेबल

ताई, निस्तरला म्हणता, पण त्या ताऱ्यांचं मूळ बघा. मिशेलिन ही टायर बनवणारी कंपनी. १९०० साली फ्रान्समध्ये मोटारी तीन हजारांच्याही आत होत्या. लोकांनी जास्त गाडी चालवावी, टायर झिजावेत, म्हणून मिशेलिन बंधूंनी फुकट पुस्तिका वाटली : नकाशे, गाडी दुरुस्तीची ठिकाणं, मुक्कामाच्या जागा. जेवणाला तारा लागला तो १९२६ मध्ये. पुढे तीन ताऱ्यांची उतरंड झाली आणि १९३६ मध्ये तिचे निकष छापले. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारातली उत्तम जागा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं अशी, आणि तीन म्हणजे खास तिच्यासाठी प्रवास करावा अशी.

म्हणजे तारा हे मुळात अंतराचं माप आहे. किती लांबून आलात तर पश्चात्ताप होणार नाही, एवढंच ते सांगतं. आणि तीनशे किलोमीटर गाडी हाकून आलेला माणूस 'बरं होतं' असं कसं म्हणेल? त्याला आवडावंच लागतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर चव टेबलावर ठरते. स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं टेबल मिळालं की मी अर्धी लढाई हरलेलो असतो. (याला कोणी शास्त्र म्हणू नये.)

शंकासुर

दोन्ही पक्षांना एकेक टाचणी.

खादाडराव, भुकेल्या पोटी किराणा घेऊ नये हा सल्ला सगळेच देतात. त्याच्या पुराव्यात वर्षानुवर्षं मिरवला गेलेला एक लेख होता, २०१३ चा. भुकेले लोक वस्तू जास्त घेत नाहीत पण जास्त उष्मांकाच्या घेतात, असा. त्याच्या लेखकांतले एक कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वान्सिंक. २०१८ मध्ये तो छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकांच्या समूहाने त्यांचे सहा लेख एकदम मागे घेतले आणि हा त्यातला एक. विद्यापीठाच्या चौकशीतही संशोधनातल्या गैरवर्तनाचा ठपका आला. तेव्हा 'प्रयोगात सिद्ध झालंय' म्हणताना जरा जपून.

मीठताई, विमानातल्या जेवणाचं काय? तुम्ही स्वतः रांधून दिलंत तरी ते वर गेल्यावर फिकं लागणार. विमानातला हवेचा दाब साधारण दोन हजार मीटर उंचीवरच्या डोंगरासारखा असतो आणि हवा खडखडीत कोरडी. नाक कोरडं पडलं की वास कमी, वास कमी की चव कमी. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने जमिनीवरच विमानाच्या सांगाड्यात कमी दाब करून माणसांना जेवू घातलं. मीठ आणि साखर दोन्ही कमी जाणवली, टोमॅटोचा रस मात्र खुलला. स्वयंपाकी तोच, ताट तेच. मग चव कुठे गेली?

मिठाचा खडा

कुठे जाणार, नाक चोंदलं! सर्दी झालेल्याला गुलाबाचा वास येत नाही म्हणून वास गुलाबात नसतो असं म्हणाल का? आणि विमानात जेवण पुरवणारे यावर रडत बसत नाहीत, वरच्या हवेत चव लागेल असा मसाला खालीच जोखतात. ते ताटातच करावं लागतं, प्रवाशाच्या डोक्यात नाही.

यादीवाली

शंकासुर, लेख मागे घेतला म्हणजे ते विधान खोटं ठरलं असं नाही, तो पुरावा बाद झाला एवढंच. माझा पुरावा माझी पिशवी आहे. परवा संध्याकाळी सात वाजता, दुपारचा डबा चुकलेला, मी धुण्याची पावडर आणायला गेले. घरी आल्यावर ओट्यावर मांडलं ते असं : तीन प्रकारची बिस्किटं, एक भलीमोठी चीजची वडी, लोणच्यातल्या ऑलिव्हची बाटली (आमच्यात ऑलिव्ह कोणी खात नाही), आणि अर्ध्या किलोचं चॉकलेट. पावडर नाही. ऑलिव्ह अजून तशीच आहेत, शपथ.

पण मला वाटतं भुकेइतकाच दोष दुकानात सामान ठेवायला मिळणाऱ्या त्या चाकाच्या गाडीचा. ती १९३७ साली अमेरिकेत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवायचे. सुरुवातीला कोणी हात लावेना. बायकांना ती बाबागाडीसारखी वाटे, पुरुषांना आपण दुबळे दिसू अशी धास्ती. शेवटी त्याने माणसं भाड्याने आणून दुकानात गाड्या ढकलत फिरायला लावली. तेव्हापासून आपण ढकलतोय. आता मी हातात टोपली घेते. दंड दुखायला लागला की खरेदी संपली.

दमछाक

तुम्ही सगळे बसून खाणारे. ताट आणि डोकं यांच्यामध्ये एक अख्खं शरीर असतं, त्याला कोणी विचारतच नाही.

मी लांब पल्ल्याचं धावतो. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, वेगाने धावलं तर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तळाला जाते. पाय शिशाचे होतात. धावणारे याला 'भिंत' म्हणतात. त्या वेळी मिळणारी ती गोड चिकट जेल घरी बसून चाखलीत तर थुंकून टाकाल. मला ती बत्तिसाव्या किलोमीटरला अमृत लागते, अगदी बोटं चाटून. हा डोक्याचा खेळ नाही मुसाफिरसाहेब, रक्तातली साखर घसरल्याचा आहे. आणि गंमत म्हणजे शर्यत संपल्यावर घास उतरत नाही. जोराच्या व्यायामानंतर काही काळ भूक मरते. दोन तासांनी जागी होते ती थेट खारट मागत.

१९०४ च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमधला क्युबाचा फेलिक्स कार्वाहाल आठवतो. रणरणतं ऊन, धुळीचा रस्ता, पाण्याची सोय नावापुरती. वाटेत त्याने बागेतली सफरचंदं खाल्ली, पोटात कळा आल्या, म्हणे आडवा झाला, उठला, पुन्हा धावला आणि चौथा आला. त्या सफरचंदांची चव कशी होती हे त्याला कोणी विचारलं असतं तर या चर्चेचा निकाल तेव्हाच लागला असता.

कोपऱ्यातलं टेबल

खेळाचं निघालंच आहे तर माझी एक आवडती गोष्ट. कसोटी क्रिकेटच्या मध्यंतरांना चक्क खाण्यापिण्याची नावं आहेत. जेवणाला चाळीस मिनिटं, चहाला वीस. दिवसाचा हिशेबच ताटाने बांधलेला. एवढा सुसंस्कृत खेळ दुसरा नाही.

खादाड मुसाफिर

मीठताई, गुलाबाचा मुद्दा लागला. पण गुलाबाला वास आहे हे ठरवायला कुणाचं तरी नाक लागतंच की. दमछाक, तुम्ही तर माझीच बाजू घेतलीत, फक्त डोक्याऐवजी रक्त म्हणालात. माझं मूळ म्हणणं ताट सोडून इतरही बरंच काही चवीत मिसळतं एवढंच आहे. शंकासुर, किराण्याचा लेख बाद झाला हे मान्य. सल्ला सोडत नाही, 'सिद्ध झालंय' हे म्हणणं सोडतो.

यादीवालींचं ऑलिव्ह कोणीतरी विकत घ्या हो.

मिठाचा खडा

शब्दांनी हे मिटायचं नाही. एक काम करा. एकच सूप, एकाच पातेल्यातलं, दोन वाडग्यांत वाढा. एक घरातला सगळ्यात चांगला वाडगा, दुसरा टवका उडालेला. खाणाऱ्यांना सांगायचं नाही. कोणतं जास्त चांगलं ते विचारा. दोन्ही सारखंच असं सांगतील, पैज.

शंकासुर

आणि वाडग्यांचा क्रम दरवेळी बदला, नाहीतर पहिला घास नेहमी जिंकतो.

खादाड मुसाफिर

केलं. काल रात्री, टोमॅटोचं सूप, क्रम बदलून. एक पातळ कडेचा पांढराशुभ्र चिनी मातीचा वाडगा, दुसरा काठाला टवका उडालेला, ज्यात एरवी आम्ही चिल्लर टाकतो (घासून घेतला होता).

बायको म्हणाली, पांढऱ्यातलं जास्त दाट आहे. मुलगा म्हणाला, पांढऱ्यातलं गोडसर आहे, दुसऱ्यातलं आंबट. मी मनातल्या मनात जिंकलो होतो, इथे काय लिहायचं तेही जुळवत होतो.

सासूबाईंनी आधी एकातला चमचा घेतला, मग दुसऱ्यातला, पुन्हा पहिल्यातला. मग दोन्ही वाडगे माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, "दोन्हीत मीठ घालायला विसरलात."

मिठाचा खडा

त्यांना माझा नमस्कार सांगा.