सॉफ्ट पेस्टल (भुकटीचे रंगखडू): फेस राखाडी होतो, ओला किनारा चमकत नाही

रेघोटी (बडोदे):
खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईचा ओहोटीचा किनारा फोटोवरून रंगवते आहे. कागद कॅन्सन मी-तांत, 160 जीएसएम, करडा, ए3. तिसऱ्या थरानंतर खडू नुसता घसरतो, आणि शेवटी दिलेला पांढरा फेस राखाडी होतो. ओला भागही चमकत नाही, तपकिरी पट्टाच दिसतो. फिक्सेटिव्ह (भुकटी पक्की करणारा फवारा) मारून वर काम करावं का?

खडूपेटी:
कागदाची कुठली बाजू वापरताय? मी-तांतच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, दुसरी बारीक पोताची. समुद्राला बारीकच घ्या. क्षितिजाजवळच्या शांत पाण्यात जाळीचे ठिपके फार खुपतात.

थर मात्र दोन्हीकडे मोजकेच बसतात. बोटाने घासलं की भुकटी खाचांत ठासून बसते आणि वरच्या खडूला पकड उरत नाही. पहिले थर कडक खडू आडवा धरून, हलक्या हाताने द्या. घासणं आकाशापुरतं ठेवा. मऊ खडू शेवटी. आत्ता भरलेली जागा राठ केसांच्या कोरड्या ब्रशने झटका, कागद उभा धरून. फुंकू नका, भुकटी श्वासात जाते.

फिक्सेटिव्ह 30 सेंमीवरून अगदी हलका मारला तर थोडी पकड परत येते. पण रंग गडद होतात, त्यातही फिके जास्त. म्हणून फेसाच्या आधी मारा, नंतर अजिबात नको.

सुरसागरकाठ:
फेस मळतो तो खालचा गडद रंग खडूबरोबर ओढला जातो म्हणून. त्याची जागा पहिल्यापासून कोरी ठेवा. आधी निळसर जांभळी राखाडी भरा, कारण फेसाचा बराचसा भाग सावलीतच असतो. शुद्ध पांढरा फक्त उन्हाकडच्या कडेला, एकदा टेकवून उचलायचा, आणि दर वेळी टोक फडक्याला पुसायचं.

चमकेचं बघा. तिथे स्वच्छ वाळूपेक्षा गाळ जास्त. महीसारख्या नद्यांनी आणलेला गाळ खंभातच्या आखातातली मोठी भरती-ओहोटी सतत ढवळते, त्यामुळे पाणीही मातकटच. तेव्हा निळ्याच्या मोहात पडू नका. ओल्या गाळावर दिसतं ते आकाश, एक-दोन छटा गडद. तुम्ही गाळ तपकिरीने पुरता भरलात, म्हणून पट्टा झाला. अंबर (umber, मातकट तपकिरी) आणि करड्या जांभळ्याचा पातळ थर द्या, त्यावर आकाशाचा रंग उभ्या फटक्यांनी खाली ओढा, मग कडक खडूच्या धारेने मोजक्याच फिक्या आडव्या रेषा. उभ्या फटक्यांनी प्रतिबिंब येतं, आडव्या रेषांनी जमीन सपाट बसते. लांबवर आकाश जास्त दिसू द्या. पायाजवळ नजर खाली वळते, तिथे प्रतिबिंब विरळ होऊन गाळाचा रंग वर येतो. हा फरक सुटला की कितीही फिका खडू लावा, चमक येत नाही.

रेघोटी:
जाळीचीच बाजू होती! नवा कागद घेऊन सुरू करते. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर चालेल का?

खडूपेटी:
सरावाला 400 नंबरचा वॉटर पेपर चालतो. 120 नंबर खडू खातो, बोटंही सोलतात. ठेवायच्या चित्राला मात्र नको, तो आम्लमुक्त (म्हणजे काळानुसार पिवळा न पडणारा) असल्याची खात्री नसते. त्यासाठी पेस्टलमॅट हा पेस्टलचा खास कागद घ्या, महाग आहे पण थर भरपूर धरतो. फ्रेम करताना जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घाला, काच चित्राला टेकता कामा नये. ॲक्रिलिक शीट तर टाळाच, स्थिर विजेने ती भुकटी ओढून घेते.