मदत हवी आहे: स्पोर्ट क्वाडसाठी फोमचा एअर फिल्टर की सुती जाळीचा, आणि एअरबॉक्सचे झाकण परत बसवावे का?

नमस्कार.

माझ्याकडे यामाहाची २००५ सालची वायएफझेड ४५० ही स्पोर्ट क्वाड (मातीत पळवायची चार चाकांची गाडी) आहे. गेल्या वर्षी मी ती सेकंडहँड घेतली. इंजिन ४३९ सीसीचे, पाण्याने थंड होणारे आणि पाच व्हॉल्व्हचे असून त्यावर ३९ मिलिमीटरचा केईहिन एफसीआर कार्बोरेटर आहे. आधीच्या मालकाने तिच्यात केलेले तीन बदल मला ठाऊक आहेत. एअरबॉक्सचे (फिल्टर ज्या डब्यात बसतो त्याचे) झाकण काढून टाकले आहे, कंपनीच्या फोम फिल्टरच्या जागी तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर बसवला आहे आणि मूळ सायलेन्सर काढून मोकळा सायलेन्सर घातला आहे. कार्बोरेटरमध्ये कोणते जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे बारीक छिद्रांचे भाग) आहेत असे विचारले असता "सगळे व्यवस्थित जुळवलेले आहे" एवढेच उत्तर मिळाले होते, आणि गाडी हाती आल्याच्या आनंदात मीही खोलात शिरलो नाही.

आता तक्रारी सांगतो. आयडलवरून (थ्रॉटल न दाबता इंजिन नुसते चालू असताना) थ्रॉटल एकदम दाबला की इंजिन क्षणभर बसते आणि मग अचानक उसळते. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट बार निघतात. स्पार्क प्लग काढून पाहिला, तर त्याचा चिनीमातीचा भाग जवळजवळ पांढरा होता. या तिन्ही खुणा मिश्रण लीन असल्याच्या, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याच्या आहेत, इतपत मला कळते.

मात्र माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. मागच्या आठवड्यात फिल्टर काढल्यावर सहज म्हणून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढरा रुमाल फिरवला, तर त्यावर पिठासारखी बारीक धूळ आली. ही धूळ फिल्टरच्या आतल्या बाजूची आहे, म्हणजे तिला अडवणारे पुढे काहीच नव्हते. आम्ही चार-पाच जण एकामागोमाग कोरड्या मातीच्या वाटांवरून जातो आणि मागच्याला पुढच्याची धूळ खावी लागते. कागदावर हिशेब केला तेव्हा कळले की ४३९ सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन ८००० आरपीएमवर, सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असे धरल्यास, मिनिटाला सुमारे १७५० लिटर हवा ओढते. एवढ्या हवेतून आत जाणारी चिमूटभर धूळसुद्धा तासाभरात किती होत असेल, या विचाराने मी तेव्हापासून गाडी बाहेर काढलेली नाही.

माझा गोंधळ असा आहे. एकीकडे सर्वत्र वाचायला मिळते की झाकण काढून जाळीचा फिल्टर घातला की इंजिन मोकळा श्वास घेते आणि ताकद वाढते. दुसरीकडे मातीत गाडी चालवणारे जुने लोक फोमवरून हटायला तयार नसतात. या दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते का? फोमकडे परत जायचे ठरवले तर दोन थरांचा फोम घ्यावा का, आणि झाकणही परत बसवावे का? झाकण बसवले तर आता असलेले जेट रिच पडतील का, म्हणजे पेट्रोल जास्त होईल का? आणि शेवटचे म्हणजे, मला पिकअप वाढवायचा आहे, शेवटच्या वेगाची फारशी हौस नाही. तेव्हा फिल्टरनंतर पुढचा बदल कशात करावा? मोठा पिस्टन, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दंड), पूर्ण एक्झॉस्ट अशी नावे कानावर येतात, परंतु कोणत्या क्रमाने जावे हे कोणी सांगत नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. कार्बोरेटर खोलण्याची तयारी आहे आणि फीलर गेज (बारीक अंतर मोजण्याच्या पातळ पट्ट्या) हाताशी आहे.

प्रतिसाद

आपण गाडी बाहेर काढणे थांबवले हे उत्तम केले, आणि फिल्टर निवडण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यातले अंतर) मोजावेत अशी माझी विनंती आहे. या इंजिनातील व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आहेत. टायटॅनियम हलके असल्यामुळे इंजिन झपाट्याने आरपीएम घेते, परंतु व्हॉल्व्हच्या बसण्याच्या कडेवर जो कठीण थर असतो तो अगदी पातळ असतो. धूळ आत गेली की हा थर पॉलिश पेपरने घासल्यासारखा झिजतो, व्हॉल्व्ह सीटमध्ये (ज्या कड्यावर तो टेकतो त्यात) खोल बसू लागतो आणि टॅपेटचे अंतर कमी होत जाते. बहुतेकांना हे कळते ते गाडी थंड असताना सुरू होईनाशी झाल्यावर, तोवर बराच उशीर झालेला असतो. पूर्ण थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, इनटेकचे (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचे) अंतर ०.१० ते ०.१५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टचे (धूर बाहेर सोडणाऱ्यांचे) ०.२० ते ०.२५ मिलिमीटर मिळायला हवे. इनटेकचे व्हॉल्व्ह तीन आहेत. तिन्ही स्वतंत्र मोजा, कारण ते सारखे झिजतीलच असे नाही.

आता फिल्टरविषयी. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या जागेविषयी बोलतात. सुती जाळीला हवेचा अडथळा कमी असतो आणि जिथे धूळ थोडी, तिथे ती चांगली चालते. फोमचे बलस्थान त्याच्या जाडीत आहे. हवा वेड्यावाकड्या वाटेने त्यातून जाते आणि धूळ चिकट तेलाला ठायी ठायी अडकते, त्यामुळे वरचा थर भरला तरी आतला थर काम करीत राहतो. दोन थरांच्या फोममध्ये बाहेरचा थर जाड छिद्रांचा आणि आतला बारीक छिद्रांचा असतो, म्हणून कोरड्या धुळीसाठी तोच घ्यावा. ट्विन एअर आणि युनी या दोन्ही फोमच्या फिल्टरसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपन्या आहेत. निव्वळ फिल्टर बदलून मिळणारी ताकद इतकी थोडी असते की बसल्या जागी ती जाणवणे कठीण. जाणवतो तो आवाज, आणि आवाज वाढला की गाडी पळू लागली असे वाटणे हा आपल्या सर्वांचाच जुना आजार आहे.

फोम धुताना पेट्रोल वापरू नका, कारण त्याने थरांना जोडणारा गोंद सुटतो आणि फोम ठिसूळ होतो. फिल्टर क्लीनरने किंवा रॉकेलने तेल काढून घ्यावे, मग कोमट साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवावे. पिळू नये, पिळल्याने शिवणी फाटतात. सावलीत पूर्ण वाळल्यावरच फोम फिल्टरचे खास तेल लावावे आणि रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत पिशवीत घालून मळावे. जास्तीचे तेल दाबून काढायला विसरू नका.

तरीही आपल्या नळीत आलेली धूळ जाळीतूनच आली असेल असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पुष्कळदा दोष कडेला असतो: फिल्टरची कड एअरबॉक्सवर सपाट बसत नाही, क्लॅम्प सैल असतो किंवा रबरी नळीला भेग असते. नवा फिल्टर बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर द्या आणि नळीच्या आतल्या बाजूलाही बोटाने अगदी पुसट ग्रीस फिरवा. एक फेरी मारून आल्यावर त्या ग्रीसवर माती चिकटलेली दिसली, तर ती कोणत्या बाजूने शिरते हेही तिच्या रेषेवरून कळेल.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. कार्बोरेटरविषयी थोडी भर घालतो.

आधी झाकणाचा निर्णय पक्का करा आणि मगच जेटला हात लावा. झाकण, फिल्टर, सायलेन्सर यांपैकी एक जरी बदलले तरी मांडणी पुन्हा करावी लागते. झाकण काढल्याने वरच्या आरपीएमला खरोखर फरक पडतो हे मान्य केले पाहिजे, परंतु त्याची किंमत म्हणून चाकांनी उडवलेली माती आणि पाणी थेट फिल्टरवर येते. धुळीत रांगेने चालवणाऱ्याने झाकण ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काढायचेच असेल, तर फिल्टरवर धूळ अडवणारे पातळ कापडी आवरण तरी घालावे आणि तेही प्रत्येक वेळी धुवावे.

जेट ठरवताना थ्रॉटलचे तीन टप्पे डोळ्यांपुढे ठेवा. बंद अवस्थेपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि फ्युएल स्क्रू यांची सत्ता असते, पाव ते पाऊण या पट्ट्यात सुई, आणि त्यापुढे मेन जेट. आपल्या तीन तक्रारींपैकी उतारावरचे बार आणि आयडलवरून बसणे या दोन्ही पहिल्या टप्प्यातल्या आहेत. इंजिन गरम करून, एफसीआरच्या तळाशी असलेला फ्युएल स्क्रू आयडल सर्वांत चढा आणि स्थिर होईपर्यंत हळूहळू बाहेर काढा. बाहेर काढल्याने मिश्रण रिच होते. पूर्ण बंद स्थितीपासून दीड ते अडीच फेऱ्यांत ती जागा सापडली तर पायलट जेट योग्य आहे. तीन फेऱ्यांच्या पुढे जावे लागले तर पायलट एक आकडा मोठा हवा, आणि एका फेरीच्या आतच सापडली तर लहान हवा. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे उसने घेऊ नका, कारण समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर गेले की हवेची घनता नऊ-दहा टक्क्यांनी घटते आणि तेच जेट तिथे रिच पडतात.

बारांविषयी एक सावधगिरी बाळगा. सायलेन्सर बदललेला आहे, तेव्हा त्याच्या जोडावरून हवा आत ओढली जात असेल तरीही असेच बार निघतात. जोडावर काजळीची रेघ दिसते का ते आधी पाहा, नाहीतर चांगला पायलट जेट उगाच बदलाल.

पायलट जुळल्यावरही थ्रॉटल झटक्यात दाबल्यावर इंजिन बसत असेल, तर एफसीआरच्या अॅक्सिलरेटर पंपाकडे (थ्रॉटल दाबताच जादा पेट्रोल फवारणाऱ्या) वळा. इंजिन बंद ठेवून, मागची नळी काढून, कार्बोरेटरच्या तोंडातून पाहा आणि थ्रॉटल दाबा. पेट्रोलची धार लगेच सुटली पाहिजे आणि ती स्लाइडला (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपेला) न आपटता पुढे गेली पाहिजे. धार उशिरा किंवा दुबळी येत असेल, तर पंपाचा पडदा आणि त्याचे जेट तपासावे लागेल.

मेन जेटसाठी नवा प्लग घालून, मोकळ्या सरळ जागेत तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवा, मग एकाच वेळी क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढून पाहा. आजच्या शिसेविरहित पेट्रोलने चिनीमातीवर रंग फार कमी चढतो, त्यामुळे तिच्या अगदी मुळाशी दिसणारी फिकट तपकिरी कडी पाहावी. आपण पाहिलेला पांढरा प्लग आयडलवर बंद केलेल्या गाडीतला असेल, तर मेन जेटविषयी तो काहीच सांगत नाही.

प्रतिसाद

पुढच्या बदलाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पिकअपच हवा असेल, तर पिस्टन आणि कॅमशाफ्ट विसरून आधी पुढचे स्प्रॉकेट (चेन ओढणारे दातेरी चाक) बदला. या गाडीला पुढे १४ आणि मागे ३८ दात येतात, म्हणजे गुणोत्तर २.७१. पुढे १३ दातांचे घातले की ते २.९२ होते. चाकावरची ओढ जवळपास पावणेआठ टक्क्यांनी वाढते, शेवटचा वेग सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो, आणि तो तर आपल्याला नकोच आहे. इंजिन खोलावे लागत नाही की जेट बदलावे लागत नाहीत. मात्र लहान स्प्रॉकेटवर चेन अधिक वळते आणि स्विंगआर्मवरची (मागचा अॅक्सल धरणाऱ्या दांड्यावरची) रबरी पट्टी लवकर झिजते, तिच्यावर नजर ठेवावी.

पूर्ण एक्झॉस्ट फायद्याचा असतो, परंतु तो फार मोकळा निवडला तर खालच्या आरपीएमची ओढ जाते. कॅमशाफ्टचेही बहुधा तेच: ताकद वर सरकते. मूळ कॉम्प्रेशनचे गुणोत्तर ११.९:१ आहे, त्याहून चढ्या पिस्टनला चढ्या ऑक्टेनचे पेट्रोल कायमचे लागते. आणि झाडीतून जात असाल तर ठिणगी अडवणारी जाळी सायलेन्सरमधून काढू नका.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे टॅपेट मोजले. एक्झॉस्टचे दोन्ही व्हॉल्व्ह मर्यादेत आहेत. इनटेकपैकी दोन ०.१० वर आहेत आणि मधला ०.०६ वर आला आहे. रबरी नळीच्या क्लॅम्पखाली एक केसाएवढी भेगही सापडली. नळी वाकवल्याशिवाय ती दिसत नव्हती. दोन थरांचा फोम, नवी नळी आणि मूळ झाकण मागवले आहे. पुढचे स्प्रॉकेट नंतर पाहीन.

प्लग मी खरोखरच आयडलवर बंद करून काढला होता, ही चूक कबूल करतो.

आता एकच शंका उरते. मधल्या व्हॉल्व्हवर पातळ शिम (अंतर जुळवणारी छोटी चकती) घालून अंतर ०.१२ च्या आसपास आणले, तर गाडी चालवता येईल, की हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवून व्हॉल्व्ह बदलणेच शहाणपणाचे?

प्रतिसाद

एकदा शिम बदलून पाहायला हरकत नाही. शिम ०.०५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात, तेव्हा एक आकडा पातळ शिम घातला की ०.११ वर याल, ते चालेल. बदलल्याची तारीख, जुन्या आणि नव्या शिमचे आकडे वहीत लिहून ठेवा आणि इंजिनाच्या पाच तासांनी पुन्हा मोजा. अंतर तिथेच टिकले तर निर्धास्त चालवा. पुन्हा ०.०८ च्या खाली आले, तर कठीण थर गेला असे समजा आणि दुसऱ्यांदा शिम न घालता हेड उतरवा. झिजलेल्या टायटॅनियमच्या व्हॉल्व्हचे डोके तुटून पडले, तर पिस्टन आणि सिलिंडरही सोबत घेऊन जाते. व्हॉल्व्ह बदलताना सीटही कापून घ्या. जुन्या सीटवर नवे व्हॉल्व्ह बसवले तर ते लवकरच झिजतात.