वकिलांवरच्या तक्रारी वकिलांनीच ऐकायच्या का?

रानवारा:
एका ग्रुपवर वकील मित्राने लिहिलं, ‘बार कौन्सिल आमचं घर आहे, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये.’ डोकं फिरलं म्हणून इथे लिहितोय. बार कौन्सिल म्हणजे वकिलांची नोंदणी करणारी, त्यांच्यावरच्या तक्रारी ऐकणारी आणि वकिलांनीच निवडून दिलेली राज्याची संस्था. घर तुमचं असेल हो, पण त्यात अडकलेले कागद पक्षकाराचे असतात. गैरवर्तनाची तक्रार ऐकणारी शिस्त समिती तिघांची. दोघे कौन्सिलचेच सभासद, तिसराही वकीलच. ज्यांची मतं मागून निवडून यायचं, त्यांचीच सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढायची? माझ्या चुलत्यांनी परराज्यात (नाव घेत नाही) एका वकिलाकडे मूळ खरेदीखत दिलं होतं. फीवरून वाजलं आणि त्याने ते दाबून ठेवलं. फीपोटी कागद अडवता येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. तरी तक्रारीत नुसत्या तारखा. कधी सभासद गैरहजर, कधी समोरच्याचा मुदतीचा अर्ज. सत्तरी ओलांडलेला माणूस एसटीने रात्रभर प्रवास करून जातो आणि पुढची तारीख घेऊन येतो.

वकीलबाई_नाशिक:
काकांचं वाईट वाटलं, पण एका अनुभवावरून अख्ख्या व्यवसायाला झोडपू नका. बाहेरचे म्हणजे कोण, ते आधी सांगा. फेब्रुवारी २०२५ च्या वकील कायदा दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात बार कौन्सिल ऑफ इंडियावर, म्हणजे देशपातळीवरच्या कौन्सिलवर, केंद्राने तीन माणसं नेमायची तरतूद होती. वकील रस्त्यावर उतरले म्हणून तो मसुदा मागे गेला. उद्या सरकारविरुद्ध भूसंपादनाची केस लढणाऱ्याची सनद सरकारनेच नेमलेल्याच्या हातात द्यायची? आणि खोट्या तक्रारींचं काय? माझ्यावर विरुद्ध पक्षकाराने तक्रार ठोकली होती, मी वकीलपत्र सोडावं म्हणून. दोन वर्षं झोप उडाली होती माझी.

टेम्सकाठी:
इथे इंग्लंडमध्ये २००७ च्या कायद्याने सॉलिसिटरांची (माझ्यासारख्या, अशिलांचं काम थेट घेणाऱ्या वकिलांची) संघटना आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी संस्था वेगळ्या केल्या. शिस्त न्यायाधिकरणात दोन सॉलिसिटर आणि एक सामान्य नागरिक बसतो. तरी २०२३ मध्ये ॲक्सिऑम इन्स ही सॉलिसिटर फर्म बुडाली, अशिलांचे सहा कोटी पौंडांहून अधिक गायब. भरपाई निधीसाठी पुढे माझी वर्गणी ३० वरून ९० पौंड झाली. चोरी दुसऱ्याची, भुर्दंड मला. पण अशिलासाठी निधी आहे तरी. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याचा कल्याण निधी आहे, तो वकिलांसाठी.

नवी_सनद:
सगळे पक्षकारावर बोलताय, ज्युनियरचं कोण बोलणार? कायद्यात वकील म्हणून नोंदणीचं शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. राज्याराज्यांत पंधरा ते बेचाळीस हजार उकळत होते. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं, पण आधी घेतलेले परत करायची गरज नाही म्हणाले. माझ्या आईने त्यासाठी पाटल्या गहाण टाकल्या होत्या.

रानवारा:
विषय तो नाही.

नवी_सनद:
विषय तोच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक निघालं, ज्युनियरला महिन्याला शहरात वीस हजार, गावात पंधरा हजार द्या. शिफारस हो, सक्ती नाही. माझे सीनियर महिन्याला चार हजार देतात, तेही मागितल्यावर.

वकीलबाई_नाशिक:
तालुक्याला सीनियरच पंधरा हजार कमावत नसतो कित्येकदा. कुठून देणार? आम्ही तर फुकट काम केलंय.

नवी_सनद:
ताई, तुम्ही उपाशी राहिलात म्हणून आम्हीही राहायचं? ज्याच्या घरी पैसा तोच टिकतो, आणि तोच पुढे कौन्सिलवर निवडून येतो.

टेम्सकाठी:
हे मात्र खरं आहे.

वकीलबाई_नाशिक:
लंडनहून ‘खरं आहे’ म्हणायला काय जातं! इकडे येऊन दिवाणी कोर्टात उभे राहा एकदा.

रानवारा:
भांडा नंतर. सरकारी माणूस नको, मान्य. समितीवर निवृत्त जिल्हा न्यायाधीश चालेल का?

वकीलबाई_नाशिक:
उच्च न्यायालयाने नेमला तर चालेल. मंत्रालयातून यादी आली तर मी पहिली विरोधात. खोट्या तक्रारीला दंडही ठेवा. आणि काकांच्या तक्रारीला वर्ष उलटलं असेल तर वकील कायद्याचं कलम ३६ब बघा, प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. तसा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोवर दुय्यम निबंधकाकडून खरेदीखताची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा, दस्त क्रमांक नसेल तर सूचीत शोध घेऊन मिळतो.