ओट्याखालच्या कपाटांना फणस चालेल का?

परसदार
घर रत्नागिरीजवळ, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. ओटा १० फूट. परसातल्या फणसाच्या १ इंची फळ्या मार्चमध्ये कापून आणल्यात, थोड्या आंब्याच्याही आहेत. सुतार म्हणतो सगळं सागवानात करा. शटर फणसाची आणि आतला सांगाडा आंब्याचा, असं चालेल? काम दिवाळीआधी हवंय.

रंधा
आंबा नको. त्यात स्टार्च भरपूर, भुंगा लागतोच. टाचणीएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड दिसली, की आतून पोखरून झालेलं असतं. बोरॅक्स-बोरिकमध्ये मुरवलेला आंबा टिकतो, पण त्यातलं बोरॉन पाण्याने धुऊन निघतं, म्हणजे सिंकखाली तो बादच.

फणस उत्तम. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कडेचा फिकट भाग मात्र काढून टाका, कीड तिथूनच शिरते. सागालाही हाच नियम; कोवळ्या सागात पांढरा भाग इतका असतो की पैसे सागाचे देऊन वापरायला गाभा थोडाच उरतो.

सांगाडा भरीव लाकडाचा करूच नका, १८ मिमी मरीन प्लाय (ओल सोसणारी) घ्या. शीटवर आयएसआय शिक्क्यासोबत आयएस ७१० (मरीन प्लायचा मानक क्रमांक) हवं. ३०३ असेल तर ती मरीन नव्हे. शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर (उत्पादकाचा परवाना क्रमांक) बीआयएस केअर ॲपवर तपासा. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाणी तिथूनच आत जातं.

कुसू
लाकूड बरोबर आहे, दिवाळी चुकतेय. उघड्यावर १ इंच फळी वाळायला ढोबळमानाने वर्ष लागतं, त्यात मध्ये कोकणातला पावसाळा. आता शटर केलीत तर उन्हाळ्यात फळी आकसून सांधे उघडतील.

फळ्यांच्या टोकांना जाड ऑइलपेंट लावा, नाहीतर टोकं तडकतात. जमिनीपासून फूटभर वर, सावलीत, दर दीड फुटाला सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक, सरळ ओळीत. तिरक्या पडल्या तर फळी त्याच आकारात वाकते. मॉइश्चर मीटरवर १२ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय रंधा लावू नका. घाई असेल तर सीझनिंगच्या (लाकूड वाळवायच्या) भट्टीत द्या.

परसदार
भट्टीत देतो. शटर एकसंध फळ्या जोडून केलं तर?

रंधा
पावसात फुगून शेजारच्या शटरला घासेल. चौकट करा, पॅनेल खाचेत सुटं ठेवा. सागाचा हिशोब सांगतो: ओलाव्यात १ टक्का फरक पडला की आडव्या कापाची फळी रुंदीत साधारण ०.२ टक्के हलते. ३५० मिमीचं पॅनेल १२ वरून १६ टक्क्यांवर गेलं, तर जवळपास ३ मिमी वाढतं. फणसालाही दोन्ही बाजूंना ३-३ मिमी जागा सोडा. खाचेत फेविकॉल अजिबात नको, पॅनेल अडकलं की मधोमध चिरतं. पॉलिश मात्र पॅनेल बसवण्याआधी, पुढून-मागून सारखंच. एकाच बाजूने केलंत तर फळी वाकणार.

कुसू
एक-दोन शटरपुरता माल जादा भट्टीत घाला. फणस आज पिवळा दिसतो, उजेडाने तपकिरी होत जातो. नंतर एखादं शटर बदलायची वेळ आली तर नवं एकटंच पिवळं दिसेल, म्हणून तो जादा माल स्वयंपाकघरातच उजेडात ठेवा.